दहावीला 61 टक्के पडले, आता पोराचं पुढं काय?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगा नववीपर्यंत 80 च्या खाली कधी आला नव्हता, दहावीला 61 टक्के पडले, जावेच्या मुलीला 93 आहेत, मिस्टर रोज जेवताना "आमच्या वेळी क्लास नव्हते काही नव्हतं तरी मी 78 काढलेले" असं ऐकवायलेत, सासरे म्हणायलेत आता ह्याला घरच्या कारखान्यावर बसवा, आणि तुमचा भाऊ म्हणतो मार्काबिर्काचं काही नसतं, आयुष्यात कोण विचारत नाही. ह्यातलं खरं काय, शाळेतल्या मार्कांचा आणि पुढच्या यशाचा संबंध असतो का, हे तुम्हाला पाहिजे. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत तीसेक वर्षं गणित-विज्ञान शिकवलं, आता रिटायर आहे पण निकाल लागला की पालक अजून घरी येतात, त्यामुळं हा विषय माझ्या फार जवळचा आहे. जरा लांबेल, पण सगळं वाचा.

सरळ उत्तर आधी देतो. संबंध असतो. पण तो पहिल्या दोन-चार पायऱ्यांपुरता असतो आणि पुढं पुढं पातळ होत जातो. त्यामुळं तुमचा भाऊपण पूर्ण बरोबर नाही आणि सासरेपण नाहीत.

भावाचं आधी बघू, कारण दर निकालाच्या दिवशी व्हॉट्सअपवर तेच फिरतं, आइनस्टाइन गणितात नापास झाला होता म्हणून. नव्हता झाला हो. पंधराव्या वर्षी त्याला कॅल्क्युलस येत होतं. 1895 ला झुरिकच्या पॉलिटेक्निकची एंट्रन्स त्यानं दिली ती 16 व्या वर्षी, म्हणजे बाकीच्यांपेक्षा दोनेक वर्षं लहान असताना, त्यात गणित आणि फिजिक्सला उत्तम मार्क पडले आणि बाकीच्या विषयांत तो राहिला, एवढीच ती गोष्ट. अशा फॉरवर्डचा मला मनापासून राग येतो, कारण आमच्या भागात "शिकून काय होतंय" हे वाक्य पोराच्या कानावर फार लवकर पडतं, ते पोरगं नववीत शाळा सोडतं आणि मग बारा-बारा तासांच्या पाळीत मागावर उभं राहतं, त्याला परत शाळेत आणताना आमची दमछाक होते. ज्याच्या घरी चार एकर आणि दोन दुकानं आहेत त्याला मार्क नसले तरी चालतात. विड्या वळून पोरं शिकवणाऱ्या बाईच्या घरात मार्कशीट ही कधी कधी एकच किल्ली असते, ती किरकोळ आहे असं मी तरी कधी म्हणणार नाही.

आणि दहावीचे मार्क कुठं मोजतात ते स्पष्ट माहीत पाहिजे. अकरावीचा प्रवेश आता सगळ्या राज्यात ऑनलाइन झालाय, तो मार्कांवरच. डिप्लोमा, आयटीआय, तेपण मार्कांवर. पोस्टाची ग्रामीण डाक सेवकची भरती तर फक्त दहावीच्या मार्कांच्या मेरिटवर होते, परीक्षाच नसते. रेल्वेत अप्रेंटिस लागायचं तर दहावीचे आणि आयटीआयचे मार्क मिळून मेरिट काढतात, आणि सोलापूर रेल्वेचं डिव्हिजन असल्यामुळं आपल्याकडची बरीच पोरं हा फॉर्म भरतात. उलट पोलिस भरतीला बारावी पास पाहिजे, मग मैदान आणि लेखी, दहावीला किती होते हे तिथं कोण बघत नाही. एमपीएससीला पदवी लागते, कुठल्या क्लासची ते नाही. सीए फाउंडेशनला बारावी झालं की बसता येतं. म्हणजे काही दारं दहावीवर उघडतात, काही अजिबात नाही, आणि तुमच्या मुलाला ह्यातलं कुठलं दार पाहिजे हेच अजून घरात कोणी विचारलेलं दिसत नाही.

आता मिस्टरांच्या 78 कडं येतो. दोन काळातले मार्क समोरासमोर ठेवताच येत नाहीत, त्याचं कारण बोर्डाच्या निकालातच आहे. राज्याचा दहावीचा निकाल 2018 ला 89.41 टक्के होता, 2019 ला एकदम 77.10 वर आला, 2020 ला 95.30 आणि 2021 ला 99.95. तीन वर्षांत महाराष्ट्रातली पोरं आधी ढ झाली आणि मग हुशार झाली असं थोडंच आहे! 2019 ला भाषा विषयांचे तोंडीचे 20 मार्क काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आणले, आणि 2021 ला करोनामुळं लेखी परीक्षाच झाली नाही, शाळेतल्या मूल्यमापनावर निकाल लावला. 2019 च्या बॅचची कितीतरी पोरं मला आठवतात, वर्षभर व्यवस्थित अभ्यास केलेली, आणि निकालाच्या दिवशी आईबाप वरच्या बॅचशी तुलना करून त्यांना बोलायलेले. नियम बदलला, ताप पोरांना. शिवाय आता बेस्ट ऑफ फाइव्ह असतं, सहापैकी चांगले पाच विषय धरतात, खेळाचे, चित्रकलेच्या ग्रेडचे वाढीव मार्क मिळतात, जुन्या लोकांच्या वेळी टक्के काढायची रीतच वेगळी होती. त्यामुळं 78 मोठे का 61 छोटे हा हिशोब करूच नये.

आणि दुसरं, माणसाला स्वतःचे शाळेतले मार्क आठवतात ते कसे आठवतात ह्यावर अमेरिकेत ओहायोमध्ये बाहरिक म्हणून मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यांनी 1996 ला एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजच्या 99 मुलामुलींना हायस्कूलच्या ग्रेड आठवून लिहायला लावल्या आणि मग शाळेच्या मूळ रेकॉर्डशी ताडून बघितल्या. जिथं ए ग्रेड होती ती 89 टक्के वेळा बरोबर आठवली, जिथं डी होती ती फक्त 29 टक्के वेळा. आणि चुका झाल्या त्या बहुतेक वरच्या बाजूलाच, म्हणजे पडली त्यापेक्षा चांगली ग्रेड लिहिलेली. ह्यात खोटं बोलायचा भाग नाही, मन तसंच ठेवतं, चांगलं जपतं आणि बाकीचं घासून गुळगुळीत करतं. ही तर शाळा सोडून वर्ष-दोन वर्षं झालेली पोरं होती, तुमचे मिस्टर पंचवीस-तीस वर्षांनी सांगायलेत. मी पालकांना एक करायला सांगतो आणि त्याचा फार चांगला उपयोग झालेला बघितलाय, बापानं स्वतःची जुनी मार्कशीट कपाटातून काढून पोराच्या हातात द्यावी, सगळ्यात कमी मार्कांच्या विषयासकट. एका घरात बापाला इंग्रजीत 36 निघाले होते, त्याच बापाचा टॉवेल आज एक्स्पोर्ट होतो आणि पार्टीशी तो फोनवर इंग्रजीत बोलतो. ते बघून पोरगं पहिल्यांदा मोकळं बोललं.

मार्क नेमकं मोजतात काय हे पण बघायला पाहिजे. लोकांना वाटतं डोकं मोजतात. डकवर्थ आणि सेलिगमन ह्या दोघांनी 2005 ला आठवीच्या मुलांवर केलेला अभ्यास आहे, त्यात वर्षअखेरीचे मार्क सांगायला आयक्यूपेक्षा मुलाची स्वयंशिस्त जास्त उपयोगी ठरली, म्हणजे गृहपाठाला कधी बसतो, टीव्ही किती बघतो, हातातलं सोडून अभ्यासाला लागतो का, हे. वर्गात मी हेच रोज बघितलंय. माझ्याकडं कितीतरी पोरं अशी होती की तोंडी विचारलं की गणित चुटकीत, पेपरात मात्र थेट उत्तर लिहून मोकळी, पायऱ्या नाहीत, कारण नाही, आकृतीला नावं नाहीत. बोर्डात पायऱ्यांना मार्क असतात. उत्तर बरोबर असून पाचपैकी दोन. हे डोकं कमी असल्याचं लक्षण नाही, सवय नसल्याचं आहे, आणि सवय सोळाव्या वर्षी लागते, अठराव्या वर्षीपण लागते.

आपल्या सोलापूरचं अजून एक आहे जे पुण्याच्या लोकांना लवकर कळत नाही. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी-मराठी मिक्स, शाळा मराठी, त्यात सेमी घेतलं की गणित-विज्ञान इंग्रजीत. कुठं घरी कन्नड, कुठं उर्दू. चार भाषांत वावरणाऱ्या पोराला मराठीच्या पेपरात 52 पडले तर त्याला भाषा येत नाही असं समजायचं का?

असाच एक मुलगा सांगतो, नाव नको. घरी तेलुगू, आई विड्या वळायची, बाप मागावर, आणि हा शाळा सुटली की चुलत्याच्या कारखान्यात कांड्या भरायला. दहावीला पन्नाशीच्या आसपास टक्के, इंग्रजी कसंबसं सुटलेलं. पण एकदा मी त्याला बोलवायला कारखान्यावर गेलो तर तिथं चादरीचं डिझाइन बिघडलं होतं, मोराच्या पंखात एकाच जागी टाका चुकायला होता, मोठी माणसं माग बंद करून उभी, आणि हा पोरगा वर चढून जेकार्डचे पट्टे एकेक करून बघायलाय. जेकार्डमध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात, भोक असेल तिथं दोरा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो, त्यावर अख्खी नक्षी चालते. ह्यानं बोट ठेवून पट्टा दाखवला, दोन भोकांमधला कागद फाटून एक झालं होतं. मी गणिताचा माणूस, मला तिथं उभ्या उभ्या कळलं की हा पोरगा शून्य आणि एकचा हिशोब डोळ्यानं वाचतोय, ज्याला कॉम्प्युटरवाले बायनरी म्हणतात तेच. त्याच्या बापाला समजावून त्याला विजापूर रोडच्या सरकारी आयटीआयला घातलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रेडला. आज इलेक्ट्रॉनिक जेकार्ड बसवायला आणि दुरुस्त करायला तो इचलकरंजी, मालेगावपर्यंत जातो, हाताखाली माणसं आहेत. त्याच्या मार्कशीटवर हे कुठल्या रकान्यात आलं असतं सांगा? पण हेपण बघा, दहावी पास नसता तर त्या ट्रेडला फॉर्म भरताच आला नसता. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

पहिल्या येणाऱ्यांचं वेगळंच असतं. शाळेत पहिली आलेली एक मुलगी सायन्सला पुण्याला गेली आणि पहिल्याच युनिट टेस्टला फिजिक्समध्ये निम्मेपण पडले नाहीत. तिला कमी मार्क कसे सोसायचे हे माहीतच नव्हतं, तशी वेळ कधी आलीच नव्हती. दिवाळीला आली ती परत जायचं नाही म्हणून बसली. तिच्या आईनं तिला रागवलं नाही, कॉलेजपण सोडवलं नाही, दर रविवारी फोनवर आठवड्यात काय काय वाचलं एवढंच विचारत राहिली, मार्क नाही. मुलगी सावरली, आता फार्मसीत चांगल्या नोकरीला आहे. म्हणून 93 वाल्या पुतणीकडंपण जरा माया ठेवा, तिच्यावर आता वेगळं ओझं आहे.

टॉपरांचं पुढं काय होतं ह्याचा अमेरिकेत नीट पाठपुरावा झालाय. कॅरेन अर्नल्ड म्हणून संशोधक आहेत, त्यांनी इलिनॉय राज्यातले 1981 साली शाळेत पहिले आलेले 81 विद्यार्थी घेतले आणि पुढं वर्षानुवर्षं त्यांची माहिती ठेवली. बहुतेकांचं छान झालं, कॉलेजला चांगले मार्क, स्थिर नोकऱ्या, संसार. पण जग हलवणारं काम ह्यांच्याकडूनच होईल असं जे लोकांना वाटतं तसं काही झालं नाही. त्याआधी 1921 ला टर्मन म्हणून एकानं बुद्ध्यांकाच्या चाचण्या घेऊन कॅलिफोर्नियातली दीड हजार हुशार मुलं निवडली, आयुष्यभर अभ्यास करायला. त्यात चाचणी देऊन न निवडलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढं फिजिक्सचं नोबेल मिळालं. आणि नोकरीचं म्हणाल तर 1996 ला रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने बरेच अभ्यास एकत्र करून तपासले, कॉलेजच्या मार्कांचा कामातल्या कामगिरीशी संबंध निघाला, शून्य नाही निघाला, पण शिक्षण संपून जितकी वर्षं जास्त तितका तो कमी. मी सुरुवातीला पातळ होत जातो म्हणालो ते ह्याच्यावरून, आणि माजी विद्यार्थ्यांना बघून.

लांब कशाला, आपल्या जिल्ह्यातले डिसले गुरुजी घ्या. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून डी.एड. केलं, माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेवर लागले, आणि 2020 ला ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं, दहा लाख डॉलरचं, त्यातली निम्मी रक्कम बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकली. इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा तो मुलगा काहींना वाया गेलेला वाटलाच असेल. असं एक उदाहरण म्हणजे नियम नाही हे मलापण कळतं, कॉलेज सोडणारे सगळे गुरुजी होत नाहीत. पण एक वाट बंद पडली की माणूस संपत नाही, एवढं तरी त्यातनं घ्या.

अजून एक बारीक गोष्ट. मुलाची जन्मतारीख बघा. वर्गात सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान पोर ह्यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असू शकतो, आणि 2006 ला बेडार्ड आणि ड्युई ह्यांनी वेगवेगळ्या देशांतली मुलं घेऊन दाखवलं की वयानं लहान असलेली मुलं चौथीला मागं दिसतात आणि आठवीलापण थोडी मागंच असतात. आधीच्या पिढीत तर गुरुजींनी सरसकट 1 जून टाकल्यामुळं कोण किती मोठं हेच कळायची सोय नव्हती. तुमचं पोरगं वर्गात लहान असेल तर मागच्या दहा वर्षांचं सगळंच जरा वेगळ्या नजरेनं बघावं लागेल.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे टक्का बघणं बंद करा आणि विषयवार बघा. 80 वरून 61 हा सगळीकडं सारखा उतार असेल तर कारण अभ्यासाच्या बाहेर आहे, तब्येत, झोप, मोबाईल, घरातलं काही, डोळ्याचा नंबर वाढलेला (हसू नका, शेवटच्या बाकावरनं फळा न दिसणारी पोरं दर वर्षी सापडतात). आणि दोनच विषयांत आपटलं असेल तर ते विषय किंवा ते पेपर, मग उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. त्याची मुदत निकालानंतर थोडीच असते, शाळेत विचारा, आधी छायाप्रत आणि त्यावरून वाटलं तर पुनर्मूल्यांकन. मार्क वाढोत न वाढोत, पोरानं कुठं काय सोडलं ते पानावर दिसतं, आणि माझ्या अनुभवात त्याचा पुढच्या दोन वर्षांना सगळ्यात जास्त उपयोग होतो. श्रेणीसुधारला परत बसवायचं का म्हणाल तर माझं मत "नको" असं आहे, 61 म्हणजे बोर्डाच्या हिशोबानं प्रथम श्रेणी आहे, ह्या मार्कांवर अडणारं दार नेमकं कुठलं हे माहीत असल्याशिवाय पोराला परत त्याच पेपरांत अडकवू नये.

मग त्याला विचारा. काय व्हायचंय असं नका विचारू, सोळाव्या वर्षी ते कोणाला माहीत असतं. कुठलं काम करताना वेळ कळत नाही, ते विचारा. हातानं करायची आवड असेल तर तीन वर्षांचा डिप्लोमा हा 61 ला फार चांगला रस्ता आहे, पुढं मन झालं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. सायन्स फक्त जावेच्या मुलीनं घेतलं म्हणून घेऊ नका. आणि सासऱ्यांना माझा निरोप द्या, कारखाना कुठं जात नाही, पण कारखान्यावर बसणाऱ्यालापण आता जीएसटी, मशीनचा सॉफ्टवेअर पॅनल आणि एक्स्पोर्टचे कागद कळावे लागतात, शिकून आला तर तुमचाच धंदा वाढवेल.

मिस्टरांशी मात्र तुम्हालाच बोलावं लागेल, आणि लवकर. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मी एक पक्कं बघितलंय, चाळिशीच्या माणसांना आपले टक्के धड आठवत नाहीत, पण निकालाच्या दिवशी घरात कोण काय बोललं ते शब्दन् शब्द आठवतं. एक मोठा कॉन्ट्रॅक्टर झालेला विद्यार्थी माझ्यासमोर "तुझ्यावर खर्च केला तो पाण्यात गेला" हे बापाचं वाक्य सांगताना रडला. बाप तर कधीच विसरला असेल. तुमच्या घरात ते वाक्य अजून पडलं नसेल तर पडू देऊ नका.

आणि शेवटचं, हे हलक्यात घेऊ नका. मित्रांचे फोन उचलत नाही असं तुम्ही लिहिलंय. आठ-दहा दिवसांत तो नीट जेवायला, झोपायला, बोलायला लागला तर ठीक. नाहीच लागला, किंवा जगण्याबिगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलला, तर कोण काय म्हणेल ह्याचा विचार न करता सिव्हिलच्या मानसोपचार विभागात घेऊन जा, आणि रात्री-अपरात्री गरज वाटली तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सगळं ठीक असेल तर नववीचं प्रगतीपुस्तक आणि दहावीची मार्कशीट शेजारी शेजारी ठेवून विषयवार आकडे मला लिहून पाठवा, आणि तोवर डिप्लोमा आणि अकरावी दोन्हीकडचे फॉर्म भरून ठेवा, एकाच्या भरवशावर दुसऱ्याची तारीख घालवू नका.